शिलालेखावर खडू चोळू नका

'शिलालेख वाचता येत नसेल तर त्यावर खडूची पूड किंवा गव्हाचं पीठ चोळा, अक्षरं उठून दिसतात. दगडाला काही होत नाही,' हा सल्ला शाळांच्या सहलीसाठी फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

बेसॉल्टच्या, म्हणजे सह्याद्रीतल्या काळ्या दगडाच्या, बारीक छिद्रांत पूड अडकते, ती काढायला ब्रश घासला की झिजलेल्या कडा सुटतात. पिठावर बुरशी धरते, मुंग्या येतात. पण खरा घोटाळा वेगळाच: खडू फिरवणारा हात भेगेलाही काना समजून रंगवतो आणि पुढचे सगळे त्याचाच फोटो वाचतात.

मुलांना त्याऐवजी तिरपा प्रकाश द्या. नाणेघाटासारख्या लेण्यात टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर, साधारण 10 ते 20 अंशांत धरा. एक फोटो डावीकडून, एक उजवीकडून, एक वरून. कॅमेरा हलवू नका. शेजारी मापासाठी मोजपट्टी ठेवा, दगडाला न टेकवता. उघड्यावरचा लेख सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात पाहा. भर दुपारी तर अनेकदा जाणकारालाही नीट दिसत नाही.

ओल्या कागदाचा ठसा प्रशिक्षित माणसाने, परवानगीनेच घ्यावा. केंद्र-संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.