फायनलआधीचं विश्लेषण वाया जात नाही

स्ट्रॅट-ओ-मॅटिक, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कार्डं आणि फासे घेऊन टेबलावर खेळायचं बेसबॉल. त्यावर चालणाऱ्या लीगची फायनल जवळ आली, की एक दावा हमखास फिरू लागतो: "हे म्हणजे शाळेतलं बुक क्रिकेट. कार्डांवर सगळं आधीच छापलेलं, बाकी फाशांची मर्जी. शेवटी मोसमात ज्याचे विजय जास्त तोच जिंकणार. मग सिरीजआधी विश्लेषण कसलं लिहिता?"

हा दावा मला मुळीच पटत नाही. एक तर त्यातली दोन विधानं एकमेकांच्या विरोधात जातात. सगळं फाशांवर असेल तर जास्त विजयांचा संघ हमखास कसा जिंकेल? पण एकेक मुद्दा घेऊ.

आधी बुक क्रिकेट. त्यात पान उघडताना सलामीचा फलंदाज आणि अकरावा गडी यांच्यात काहीच फरक नसतो. हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये बाजारात आणलेला हा खेळ उभाच त्या फरकावर आहे. प्रत्येक कार्ड खऱ्या खेळाडूच्या एका मोसमातल्या आकड्यांवरून बनतं. तीनपैकी एक फासा कुठलं कार्ड आणि त्यावरचा कुठला रकाना बघायचा ते ठरवतो: १ ते ३ पडलं तर बॅटरचं, ४ ते ६ पडलं तर पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या रकान्यातला निकाल सांगते. बेरीज ७ येण्याच्या ३६ पैकी ६ वाटा आहेत, २ येण्याची एकच. होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) ७ समोर आहे की २ समोर, हा फरक सहापट आहे आणि तो त्या बॅटरनं मैदानावर कमावलेला असतो.

"सगळं आधीच छापलेलं" हेही खरं नाही. छापलेली असते ती शक्यता. १९६० च्या मोसमाची कार्डं घ्या, त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम सिरीजचे, दोन संघ: यांकीज विरुद्ध पायरेट्स. यांकीजचा बॉबी रिचर्डसन त्या अख्ख्या मोसमात एक होमरन आणि २६ आरबीआय (आपल्या फटक्यांवर संघाला मिळवून दिलेल्या धावा) करून वर्ल्ड सिरीजला आला होता. सात सामन्यांत त्यानं १२ आरबीआय केले, त्यात एक ग्रँड स्लॅम (एकाच फटक्यात चार धावा देणारा होमरन), आणि हरलेल्या संघात असूनही सर्वोत्तम खेळाडू ठरला. खऱ्या मैदानावर कागदावरचा दुबळा बॅटर असा उसळू शकतो, तर फाशांवर तसं झालं की "खेळच खोटा" का म्हणायचं?

जास्त विजयांचा मुद्दा तर आकडेमोडीतच पडतो. एका सामन्यात जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असलेला संघ सात सामन्यांची सिरीज (आधी चार जिंकेल तो विजेता) साधारण ६१ टक्के वेळा जिंकतो. ६० टक्क्यांचा संघ ७१ टक्के वेळा. म्हणजे चांगलाच वरचढ संघसुद्धा दहापैकी तीनदा हरतो. २००१ मध्ये ११६ सामने जिंकलेले मरिनर्स अमेरिकन लीगच्या फायनलमध्ये यांकीजकडून ४-१ असे हरले, वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलेच नाहीत.

आता विश्लेषण कशासाठी, त्याचं उत्तर. लांबलचक मोसमात चौथा-पाचवा पिचरही भरपूर सामने सुरू करतो. सात सामन्यांत मात्र तीन-चार पिचर सगळा भार उचलतात. म्हणून मोसमाचं रेकॉर्ड आणि फायनलमधला संघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणता पिचर कोणत्या दिवशी हा मॅनेजरचा सगळ्यात मोठा निर्णय असतो. १९६० मध्ये यांकीजचे मॅनेजर केसी स्टेंगेल यांनी आपला पिचर व्हाइटी फोर्डला तिसऱ्या सामन्यासाठी ठेवलं. फोर्डनं ८ ऑक्टोबरला १०-० आणि १२ ऑक्टोबरला १२-० असे दोन सामने पूर्ण टाकून जिंकून दिले. पण पहिला सामना दुसऱ्या पिचरला, आर्ट डिटमारला, दिलेला होता; तो एकच गडी बाद करून परतला. पाचव्यातही तो दुसऱ्याच इनिंगमध्ये बाहेर. तारखा बघा: फोर्ड ५ ऑक्टोबरला उतरला असता तर तितक्याच विश्रांतीवर ९ आणि १३ ऑक्टोबरलाही, म्हणजे दोनऐवजी तीन सामने, टाकू शकला असता. यांकीजनी सिरीजमध्ये ५५ धावा केल्या, पायरेट्सनी २७. तरी सातव्या सामन्यात बिल मॅझेरॉस्कीच्या होमरननं पायरेट्स जिंकले. मोसमात यांकीजचे विजय ९७, पायरेट्सचे ९५. हा निकाल त्या दोन आकड्यांतून कुणी वाचून दाखवावा!

हीच सिरीज कार्डांवर खेळायची असेल तर मी आधी विचारेन, विश्रांतीचा नियम काय आणि फोर्ड कधी? नावावर मात्र भाळू नये. १९६० चा फोर्ड १२-९ (१२ विजय, ९ पराभव) होता; २५-४ वाला फोर्ड पुढच्या वर्षीचा, ते कार्ड वेगळं. मग क्षेत्ररक्षण. पिचरच्या कार्डावरचे काही निकाल चेंडू थेट एखाद्या क्षेत्ररक्षकाकडे पाठवतात आणि पुढचं त्याच्या श्रेणीवर ठरतं. सेकंड बेसच्या क्षेत्ररक्षणाला मॅझेरॉस्की असणं तिथे धावा वाचवतं, पण विजयांच्या तक्त्यात ते दिसत नाही. थकलेल्या पिचरला किती वेळ ठेवायचं आणि पायरेट्सचा बदली पिचर एलरॉय फेसला कधी आणायचं, हे तर फाशांच्या हातात नाहीच.

माझा अंदाज असा: फोर्ड पहिल्या सामन्यात दिसला तर यांकीज, सहा सामन्यांत. तो तिसऱ्यासाठी राखला आणि सुरुवात डिटमारनं केली, तर मी पायरेट्सच्या बाजूनं, आणि तेही सातव्या सामन्यापर्यंत ताणून.