नकार पोरीचा म्हणता, पण विचारलं कोणाला?

दिवाळी आटोपून सोयरिकीचे दिवस आले, की आमच्या भागातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. पोरी शिकल्या आणि डोक्यात हवा गेली. त्यांना शेती पाहिजे, पण शेतकरी नको. सासू-सासरे फक्त फोटोत पाहिजेत. म्हणून गावोगाव तिशी-पस्तिशीचे पोट्टे बिनलग्नाचे बसले आहेत, असा त्याचा मतलब. ऑक्टोबर 2024 मध्ये तेव्हाचे आमदार देवेंद्र भुयार यांनी वरुडच्या भाषणात याच विचाराला नंबर लावून दिले होते: एक नंबरची पोरगी नोकरीवाल्याला, दोन नंबरची पानटपरी-किराणावाल्याला, आणि तीन नंबरची शेतकऱ्याच्या पोराला. टीका झाली. मजकूर फिरायचा मात्र थांबला नाही.

पोट्ट्यांचं दुःख खरं आहे. 2023 मध्ये अकोल्यात एका तरुण शेतकऱ्याने शरद पवारांना पत्र देऊन ‘बायको मिळवून द्या’ म्हटलं, तेव्हा ते पत्र विनोद म्हणून फिरलं. मला त्यात विनोद दिसला नाही. पण दुःख खरं म्हणून त्याचं दिलेलं कारणही खरं, असं होत नाही.

पहिला मुद्दा ‘पोरी नाही म्हणतात’ हा. पोरीला विचारतं कोण, ते आधी सांगा. बायोडाटा आधी मध्यस्थाकडे, मग मामाकडे, मग बापाकडे जातो. पोरीपर्यंत पोहोचेस्तोवर निम्म्यांवर फुली बसलेली असते. ही फुली मारणारा बाप बहुतेक वेळा स्वतः शेतकरीच. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याचा माल चार-सव्वाचार हजाराने गेला. अशा माणसाने जावयाची नोकरी विचारली, तर ती पोरीची हवा कशी? आणि हाच माणूस पुढच्या वर्षी सून पाहायला निघाला, की ‘आजकालच्या पोरींचं काही खरं नाही भाऊ’ म्हणतो. दोन्ही वाक्यं एकाच ओसरीवरची, मधे गेला तो फक्त एक उन्हाळा.

दुसरं, शिक्षणाने पोरी हाताबाहेर गेल्या म्हणे. मुळात त्या जन्मल्या किती? 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे 913 मुली होत्या. ती लेकरं आज पंचविशी-तिशीत, म्हणजे नेमकी लग्नाच्या बाजारात आहेत. 2011 मध्ये आकडा 894 वर आला, आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर 855 वर. ते पोट्टे अजून रांगेत यायचे आहेत. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्येच कायदा केला, देशाचा 1994 मध्ये झाला; तरी सोनोग्राफीच्या खोलीत काय चाललं ते सगळ्यांना माहीत होतं. डिसेंबर 2022 मध्ये सोलापूरला बाशिंग बांधून, घोड्यावर बसून बिनलग्नाच्या पोरांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. हा कायदा कडक राबवा, अशी त्यांची मागणी होती. त्या पोरांना गणित कळलं, मजकूर पुढे ढकलणाऱ्या काकांना नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो: ‘पोरींना वावरात जायची लाज वाटते.’ नोव्हेंबरात एकदा कापूस वेचणीच्या बायांसोबत पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात, उभे राहा. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला लागत राहतात आणि संध्याकाळपर्यंत बोटं चिरलेली असतात. वेचलेल्या कापसाची कंबरेची ओटी जड होत जाते आणि त्या वजनासकट खालच्या बोंडांसाठी वाकावं लागतं. दुसऱ्याच्या वावरात निदान काटा लावून किलोवर मजुरी मिळते. घरच्या वावरात सुनेला काटाही नाही आणि मजुरीही नाही. वर निघण्याआधीच्या भाकरी आणि परतल्यावरचा स्वयंपाक तिचाच. सरकी टोबणं, म्हणजे हाताने बी लावणं तिचं, निंदण तिचं. डवरणी-फवारणी पुरुषाची, आणि माल विकून पट्टीचे पैसे खिशात घालणंही पुरुषाचंच. पोरीने हे आईच्या हातांवर पाहिलेलं असतं. तिला वावर कळत नाही असं नाही, फार चांगलं कळतं. पोराकडचे पाहुणे तिला विचारतात, ‘बाहेरचं काम करते ना?’, म्हणजे वावरातलं. या प्रश्नाला मात्र कोणी अपेक्षा म्हणत नाही. एखादा बायोडाटा काढून पाहा: वडील शेतकरी, आई गृहिणी. ती गृहिणी आषाढापासून माघापर्यंत वावरात असते!

सरकारी दप्तरातही तेच. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमिनीच्या शंभर खातेदारांत बाया जेमतेम चौदा.

‘शेती पाहिजे, शेतकरी नको’ हा टोमणा याच ठिकाणी फसतो. पश्चिम विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना 2006 मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं, ते कशापायी आलं हे इथे कोणाला सांगायची गरज नाही. नवरा गेल्यावर बाईच्या हाती काय उरतं, ते त्या जिल्ह्यांतल्या पोरीच्या बापाने शेजारच्याच घरात पाहिलं आहे. आत्महत्या ‘पात्र’ ठरली तर एक लाखाची मदत, त्यातले सत्तर हजार ठेवीत, आणि जमीन सासऱ्याच्या नावावर. किती एकर आहे, हा प्रश्न त्याने विचारला तर त्याला हावरट म्हणू नका.

‘पूर्वीच्या बाया करतच होत्या की.’ होत्या. त्यांना दुसरी वाट कोणी दिली होती?

मग करायचं काय? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती: घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करून द्या. सरकारी योजनाही त्याच नावाची आहे. नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सातबारावर लागतं. सोयरिकीच्या बैठकीत ही गोष्ट काढून पाहा. सासरा म्हणेल, ‘आमच्या पोट्ट्याचंच नाव अजून लागलं नाही, सुनेचं कुठून लावता?’ आणि तो खोटं बोलत नसतो. पस्तिशीतला तो पोट्टा पहाटे पाण्याच्या पाळीला जातो, फवारणीचा पंप पाठीवर घेतो, पण कागदावर शेतकरी नसतो. पीएम किसानचे दोन हजार वडिलांच्या खात्यात पडतात, आणि पेट्रोलसाठी त्याला त्यांच्याकडेच हात पसरावा लागतो. बायोडाट्यात मात्र ती पाच एकर त्याच्या नावापुढे लिहिलेली असते.