मुडदा कोणत्या काठावर ठेवावा

राजेहो, गुन्हेगारीवरचा सिनेमा काढायचं तुमच्या मनात आहे म्हणे. खुनी एक, त्याच्या मागावर दोन इमानदार पोलीस, आणि पावलोपावली आडवे येणारे साहेब. कथा झकास आहे. फक्त नट, कॅमेरा, गाणी हे सगळं मागून बघा. आधी मुडदा कोणत्या काठावर ठेवायचा ते ठरवा. आमच्याकडं सिनेमा तिथंच उभा राहतो नाहीतर पडतो.

नमुना म्हणून १९९५ चा ‘सिटिझन एक्स’ बघून घ्या. रशियातल्या रोस्तोव्ह भागात आंद्रेई चिकातिलो नावाच्या माणसानं १९७८ ते १९९० या काळात बायकापोरं मारली. कोर्टानं त्याला ५२ खुनांत दोषी धरलं. त्याच्या मागं लागलेल्या बुराकोव्ह या अधिकाऱ्याला सिनेमाभर वरची समिती छळते. एकामागून एक खून करत सुटणारा माणूस हा भांडवलशाही देशांचा रोग, सोव्हिएत भूमीत तो येईल कुठून, असं समितीचं म्हणणं. मी हा सिनेमा आमच्या माजी पोलीस पाटलांसोबत पाहिला, मोबाइल तांब्याला टेकवून. अर्ध्यात पाटलांनी विचारलं, “हे एवढं मॉस्कोपर्यंत नेलंच कायले? ठाण्यातच निपटलं असतं.”

फरक तो हाच. खुनी नाकारायला सोव्हिएत राज्याला अख्खं तत्त्वज्ञान लागलं. आपल्याला वर्धा नदी पुरते.

म्हणून मुडदा नदीत ठेवा, अगदी मधोमध. एका काठाला अमरावती जिल्हा, दुसऱ्या काठाला वर्धा. ठाणी दोन, एसपी दोन, पोलिसांची परिक्षेत्रंसुद्धा दोन. उन्हाळ्यात ठेवलात तर आणखी चांगलं. धार एका अंगाला सरकते, मधला रेतीचा पट्टा उघडा पडतो. रेतीचा ट्रॅक्टर धरायचा असला की हा पट्टा दोन्ही काठांचा असतो. मुडदा सापडला की कोणाचाच नसतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी अशाच एका मयताचा पंच होतो. पंच व्हायची पात्रता माझ्यात पुरेपूर होती, म्हणजे मी चहाच्या टपरीवर बसलो होतो. रेतीवर एक माणूस पालथा पडला होता. एका पायात निळी स्लीपर, तिचा बंद तांब्याच्या तारेनं बांधलेला. दोन्ही काठांवरून एकेक जमादार उतरून आला.

“डोक्सं तुमच्या अंगाले हाये, भाऊ.”

“हाये न. पण पाय तुमच्याकडे हायेत. मानूस पायानं येते, डोक्श्यानं नाही येत.”

मग दोघांनी सुपारी-तंबाखूचा खर्रा काढला. खर्ऱ्याची पन्नी या हातातून त्या हातात गेली, परत आली. मयत जिथल्या तिथं.

इथं तुम्ही एक चूक करणार, ती आधीच सांगून ठेवतो. या दोघांना खलनायक करू नका. दोघं चांगली माणसं होती, एकाच तुकडीत शिकलेली, एकमेकांच्या पोरींच्या लग्नात पंगतीत वाढलेली. पण जो लिहील त्याच्या ठाण्याच्या तक्त्यात ‘उघड न झालेला खून’ म्हणून एक आकडा चढणार, दर महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये उभं राहून त्याचं उत्तर द्यावं लागणार, आणि समोर बसलेल्या साहेबालाही वरच्या साहेबाला हेच सांगायचं असणार. रशियनांवरच्या सिनेमात एक दुष्ट साहेब लागतो. इथं सगळे चहा विचारतात.

कायदा काढू नका. कायदा अगदी स्वच्छ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, ठाण्यानं खबर लिहून घ्यायची. शून्य क्रमांकानं नोंदवायची आणि मग ज्याची हद्द त्याच्याकडं पाठवायची. आमच्या दोन्ही जमादारांना हे पाठ होतं. त्यांनी ते एकमेकांना म्हणूनही दाखवलं. मोठ्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर यावं असंही त्याच संहितेत लिहिलंय, आणि ते कधीपासून लागू करायचं हे ठरवायला राज्यांना ५ वर्षांची मुभाही. मयताला तेवढी दिली की झालं.

तलाठ्याला नकाशा घेऊन बोलवा, असं एकदा ठरलं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नकाशा मात्र जुन्याच नदीचा आहे. शेवटी दिवस कलल्यावर या काठाच्या जमादारानं ‘तात्पुरता’ पंचनामा लिहायला घेतला. त्यावर माझी सही आहे, म्हणून चतुःसीमा जशीच्या तशी सांगतो: पूर्वेस नदी, पश्चिमेस नदी, उत्तरेस नदी. दक्षिणेला आल्यावर त्याचा पेन थांबला. त्यानं मान वळवून नीट पाहून घेतलं आणि लिहिलं, नदी.

खून म्हणायची घाई तुमच्या संवादलेखकानंही करू नये. आमच्याकडं ‘मर्ग’ हा जुना शब्द आहे, अकस्मात मृत्यूची नोंद. डोक्याच्या मागं चार बोटं खोक असली तरी माणूस आधी अकस्मातच मरतो. तोवर सूर्य बुडाला. आता शवविच्छेदन उद्या. रात्रभर राखणीला कोतवाल बसला, कुत्री हाकलायला हातात पऱ्हाटी घेऊन. दिवसभरात हद्दीचा प्रश्न न पडलेला तो एकटाच.

पाठलाग हवाच असेल तर व्हिसेऱ्याच्या, म्हणजे मयताच्या पोटातले अवयव तपासणीला नेणाऱ्या बरणीचा घ्या. मिठाच्या पाण्यातला ऐवज, वर लाखेचं सील, आणि बरणी मांडीवर घेऊन एसटीत बसलेला शिपाई. शेजारचा प्रवासी हमखास विचारतो, “लोणचं हाये का?” यात रहस्यही आहे. प्रयोगशाळा अमरावतीलाही आहे आणि नागपूरलाही. मयत कोणत्या काठाचा हे ठरल्याशिवाय गाडी कोणत्या फाट्यावर वळणार ते शिपायालाही कळत नाही.

थंडीतला सिनेमा असेल तर डिसेंबर धरा. नागपूर कराराच्या पुण्याईनं अधिवेशन आपल्याकडं असतं, ठाण्याठाण्यातले शिपाई बंदोबस्ताला जातात. तुमच्या खुन्याला वर्तमानपत्र वाचताना दाखवा, एवढ्यानं तो हुशार ठरेल.

शेवट मात्र रशियनांसारखा करू नका. ६ नोव्हेंबर १९९० ला एका आडवळणाच्या स्टेशनवर साध्या शिपायानं जंगलातून येऊन हात धुणारा माणूस पाहिला, कागदपत्रं तपासली आणि नाव लिहून ठेवलं. त्या नावावरून दोन आठवड्यांत चिकातिलो सापडला. असलं आमच्या प्रेक्षकाला पटायचं नाही. त्याआधी त्यातल्याच एका खुनापायी क्रावचेन्को नावाच्या भलत्याच माणसाला १९८३ मध्ये मृत्युदंड देऊन त्यांनी फाइल बंद केली होती. तसला आरोप आमच्यावर कोणी करू शकत नाही. बंद करायला फाइल आधी उघडावी लागते.

तुमच्या शेवटाला एक बाई घ्या. नवऱ्याची तांब्याच्या तारेची स्लीपर तिनं ओळखली, तार तिनंच बांधली होती. सोमवारी मजुरीला खाडा असतो, त्या दिवशी ती निघते. या काठाचं ठाणं सांगतं, कागद तिकडं पाठवला. पूल ओलांडून त्या काठाला गेली की ते सांगतात, अजून आला नाही, बसा, चहा घेता का? तिचा आवाज घेऊ नका, नुसती बस दाखवा. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं तिला परवडतं. जायचं अर्धं, यायचं अर्धं.