सिंक म्हणजे बॅकअप नव्हे : बुकमार्कच्या त्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि अभ्यासिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं : सगळ्या कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एकाच अकाउंटने साइन-इन करा, बुकमार्क कायमचे सुरक्षित, वेगळी कॉपी नको, ब्राउझर बदलू नका, नाहीतर सगळं जाईल, आणि तसंही सर्च केलं की हवं ते सापडतंच. सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंही हे खरं धरून चालली आहेत, म्हणून हे उत्तर.

‘कायमचे सुरक्षित’ हा सगळ्यात घातक दावा. साइन-इन केल्यावर कॉम्प्युटर आणि फोनवरचे बुकमार्क जुळवून घेतं ते सिंक. त्याचं काम एकच, सगळीकडे सारखं ठेवणं. डिलीट करणं हाही त्याच्या लेखी एक बदलच. घरच्या पीसीवर कुणी आवराआवर करताना ‘एमपीएससी’चा फोल्डर उडवला, की हिंजवडीच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवरून आणि फोनवरूनही तो जातो. क्रोममध्ये लगेच कंट्रोल-झेड दाबलं तर परत मिळतो, पण ब्राउझर बंद केला की ती संधी गेली. फायरफॉक्स निदान त्याच कॉम्प्युटरवर तारीखवार बॅकअप ठेवतो, त्यामुळे काही दिवस मागे जाता येतं. तरीही सिंक ही बॅकअपची सेवा नाही, असं खुद्द फायरफॉक्स बनवणारी मोझिला सांगते.

‘कायमचे’ म्हणाल तर आधीच्या सेवांचं काय झालं ते बघा. वेगवेगळ्या ब्राउझरमधले बुकमार्क जुळवून देणारं एक्समार्क्स १ मे २०१८ ला बंद झालं. गुगल बुकमार्क्स ३० सप्टेंबर २०२१ ला. लेख जपून ठेवायचं पॉकेट ८ जुलै २०२५ ला. आज चालू आहे ते उद्या राहीलच, या भरवशावर वर्षभर जमवलेल्या लिंका सोडणं मला पटत नाही.

कॉपी ठेवायला मिनिटभर लागतं. कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबा, बुकमार्क मॅनेजर उघडेल. क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांत एक्सपोर्टचा पर्याय आहे. एक एचटीएमएल फाइल मिळते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्याच ओळीत आजही नेटस्केप या जुन्या ब्राउझरचं नाव दिसतं, इतका हा साचा जुना आहे, आणि म्हणूनच जवळपास प्रत्येक ब्राउझर तो वाचतो. फाइलच्या नावात तारीख घाला आणि पेन ड्राइव्हवर टाका.

‘ब्राउझर बदलला की सगळं जातं’ याचं उत्तर या फाइलमध्येच आलं. फक्त ती एकाच कॉम्प्युटरवर इम्पोर्ट करा आणि बाकीच्यांवर सिंकने जाऊ द्या. प्रत्येक ठिकाणी इम्पोर्ट केलीत तर एकच लिंक तीन-तीनदा दिसेल. दोन ब्राउझर रोज वापरणाऱ्यांनी फ्लोकस हे ब्राउझरला जोडायचं मुक्त एक्स्टेन्शन बघावं, ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणाऱ्या नेक्स्टक्लाउडवरूनही चालतं.

‘सगळ्या कॉम्प्युटरवर साइन-इन करा’ हा सल्ला मात्र मला सरळ धोक्याचा वाटतो. सिंक सुरू केलं की बुकमार्कबरोबर पासवर्ड आणि हिस्टरीही त्या मशीनवर उतरू शकते. अभ्यासिकेतला किंवा सायबर कॅफेतला कॉम्प्युटर तुमच्यानंतर दुसरा कुणीतरी वापरणार आहे. तिथे क्रोमचा गेस्ट मोड वापरा, खिडकी बंद केली की उतरवलेल्या फाइल सोडल्या तर मागे काही उरत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर खासगी अकाउंट नकोच. नोकरी सोडताना लॅपटॉप परत जातो, त्यावर उतरलेलं आपोआप पुसलं जाईलच असं नाही. घरच्या मशीनवर क्रोम सिंकला स्वतःचा पासफ्रेज, म्हणजे वेगळा गुप्त परवलीचा मजकूर, लावता येतो, मग तो डेटा गुगललाही वाचता येत नाही. फायरफॉक्समध्ये हे मुळातच तसं आहे.

राहिला सर्चचा मुद्दा. ‘सातबारा ऑनलाइन’ शोधून बघा. सरकारी पानाच्या आसपास जाहिराती आणि खासगी साइट्स येतात, आणि घाईत कुठेही क्लिक होतं. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो. पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ आहे ना हे एकदा नीट पाहून तेच पान बुकमार्क करा. पत्ते बदलतात हे खरं. सातबारा बघायच्या महाभूलेख साइटचा बदलला, एमपीएससीच्या अर्जाच्या पोर्टलचाही बदलला. म्हणून एखादी लिंक उघडेनाशी झाली तर नवा पत्ता खात्याच्या मुख्य साइटवरून घ्या, आणि भरतीच्या जाहिरातीचं पान किंवा जीआर महत्त्वाचा असेल तर लिंकबरोबर त्याची पीडीएफही उतरवून ठेवा.