डीडीआर५ची रॅम कानशीने घासून डीडीआर४च्या स्लॉटमध्ये बसवू नका

‘कॉम्प्युटर स्लो झालाय? दुकानदार कधीच सांगणार नाहीत अशा सात गोष्टी’ हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, तोवर दुर्लक्ष केलं. परवा तो बारावीतल्या भाच्यापर्यंत पोचला आणि त्याने विचारलं, ‘मामा, कानस बारीक घेऊ की जाड?’ म्हणून हे लिहिणं.

रॅम म्हणजे मदरबोर्डावरच्या स्लॉटमध्ये बसणारी मेमरीची पट्टी, डीडीआर४ आणि डीडीआर५ या तिच्या दोन पिढ्या, आणि पट्टीच्या पिनांच्या ओळीत मध्ये एक खाच असते. कानस येते ती पहिल्याच मुद्द्यात. मेसेज म्हणतो: ‘डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिनाच असतात. कंपन्यांनी लुटण्यासाठी खाच सरकवली आहे. कानशीने नवी खाच पाडा, जोर देऊन बसवा, नव्या मदरबोर्डचे पैसे वाचतील.’

२८८ पिना, हे खरं. खाच मुद्दाम सरकवली, हेही खरं. कुणी चुकून एकात दुसरी घालू नये म्हणूनच ती सरकवलेली असते. मेमरीचं मानक ठरवणारी जेडेक नावाची संस्था आहे. डीडीआर४चं मानक तिने २०१२ साली काढलं, डीडीआर५चं जुलै २०२० मध्ये. कुठली पिन काय वाहते, हे त्यात एकेक करून दिलेलं आहे आणि दोन्हींत ते वेगळं आहे. डीडीआर४च्या रॅमला मदरबोर्ड स्वतः १.२ व्होल्ट तयार करून देतो. डीडीआर५च्या घरगुती रॅमला बोर्डाकडून ५ व्होल्ट लागतात, आणि रॅमवरच बसवलेली एक छोटी चिप त्याचे १.१ व्होल्ट करते. डीडीआर४च्या स्लॉटमध्ये त्या ५ व्होल्टच्या जागी भलतंच काहीतरी असतं. उलटं केलंत, म्हणजे डीडीआर४ची रॅम घासून डीडीआर५च्या स्लॉटमध्ये घातलीत, तर ५ व्होल्ट कुठे घुसतील याचा विचार करा.

समजा वीज चमत्काराने बरोबर पोचली, तरी बोलणार कोण? डीडीआर४ची एक पट्टी ६४ बिटांचा एकच रस्ता वापरते, डीडीआर५ची पट्टी ३२-३२ बिटांचे दोन स्वतंत्र रस्ते. रॅमशी बोलणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो. भाच्याकडे रायझन ५ ५६००जी आहे. हा एएमडीच्या एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) प्रोसेसर आहे, त्याला डीडीआर५ची भाषाच येत नाही. कितीही घासा.

आता कानस. डीडीआर५ची पट्टी जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड असते आणि तेवढ्यात तांब्याचे आठ-दहा थर एकावर एक असतात, मध्ये पातळ इन्सुलेशन. कानस फिरली की तांबं एका थरावरून दुसऱ्यावर ओढलं जातं. खाचेच्या कडेला बारीक चकचकीत रेष दिसते ना, तोच शॉर्ट. शिवाय जिथे नवी खाच पाडायची, तिथे आधीपासून सोनेरी पिना आहेत. त्या गेल्या. मग ‘जोर देऊन’ बसवताना स्लॉटमधला प्लास्टिकचा अडसर कडक भाकरी मोडल्यासारखा आवाज करून तुटतो, आतल्या स्प्रिंगच्या पिना एकमेकींवर वाकतात, आणि त्या स्लॉटमध्ये नंतर चांगली डीडीआर४ रॅमही चालत नाही. म्हणजे रॅम गेली, स्लॉट गेला, नशीब वाईट असेल तर प्रोसेसरही. वॉरंटीवाला खाच बघूनच पार्सल परत पाठवेल.

ही अफवा कुठून निघाली असावी, तेही सांगतो. इंटेलचे १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही प्रकारच्या रॅमशी बोलू शकतात. पण बोर्ड एक तर डीडीआर४चा घ्यावा लागतो, नाही तर डीडीआर५चा. दोन्ही प्रकारचे वेगळे स्लॉट असलेले मोजके बोर्ड निघाले, त्यांतही एका वेळी एकच प्रकार चालतो. बाकी हिशोब सरळ आहे: एएम४ म्हणजे डीडीआर४, एएमडीचाच नंतरचा एएम५ म्हणजे डीडीआर५, इंटेलचा नवा १८५१ सॉकेटही डीडीआर५. आपल्याकडे काय आहे हे बघायला कॅबिनेट उघडायचीही गरज नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी: वेग आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. उघडलंच असेल तर रॅमवरचं लेबल वाचा. पीसी३-१२८०० म्हणजे डीडीआर३-१६००, पीसी४-२५६०० म्हणजे डीडीआर४-३२००, पीसी५-३८४०० म्हणजे डीडीआर५-४८००.

२०२५च्या अखेरीला रॅमचे भाव भडकले तेव्हापासून असल्या जुगाडांना ऊत आलाय, हे कळतं. पण स्वस्तात पडतं म्हणून महागातली रॅम घासायची?

दुसरा मुद्दा: ‘मदरबोर्ड कुठलाही चालतो. प्रोसेसर ज्यात बसला, त्यात चालला. आय७ सपोर्ट असलेला नवा बोर्ड अडीच-तीन हजारांत मिळतो.’ बसला म्हणजे चालला, हे साफ खोटं. इंटेलचा ११५१ सॉकेट घ्या. सहाव्या-सातव्या पिढीचे आणि आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर एकाच आकाराच्या सॉकेटात आरामात बसतात, पण १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डावर आठवी-नववी पिढी चालू होत नाही आणि ३०० मालिकेवर सहावी-सातवी. एएम४मध्येही जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर टाकण्याआधी बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारं, बोर्डावरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं, आणि ते जुना प्रोसेसर काढण्याआधी करायचं असतं. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसर यादी असते, समोर बायोसचा आकडा असतो. ती बघायला पाच मिनिटं लागतात.

तो स्वस्तातला ‘आय७ सपोर्ट’ बोर्ड बहुतेक वेळा एच६१ या जुन्या चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) असतो. आय७ म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय७, हे खोक्यावर बारीक अक्षरांतही नसतं. रॅम डीडीआर३, जास्तीत जास्त १६ जीबी. साटा, म्हणजे डिस्क जोडायचा मार्ग, जुन्या ३ गिगाबिटचा, म्हणून एसएसडी ही वेगवान डिस्क आपल्या निम्म्या वेगाने पळते. विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. एक मान्य करतो: घरात तिसऱ्या पिढीचा आय५ आणि डीडीआर३ रॅम चांगल्या अवस्थेत पडून असेल, जुना बोर्ड उडाला असेल आणि टायपिंग-बिलिंगचंच काम असेल, तर वर्ष-दीड वर्ष ढकलायला हा बोर्ड वाईट नाही. पण त्याला अपग्रेड म्हणू नका.

तिसरा: ‘१६ जीबी टाका, कुठलाही कॉम्प्युटर दुप्पट फास्ट.’ रॅम कमी पडत असेल तरच फरक पडतो. नेहमीचं काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८५-९० टक्क्यांवर जात असेल, तर रॅम घ्या. ५० टक्क्यांवर असेल आणि डिस्क मात्र सतत १०० टक्के दाखवत असेल, तर पैसे एसएसडीत घाला. आणि विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीपुढची रॅम ते वापरतच नाही.

चौथा वाचून मात्र हसू आलं. सीपीयू-झेड हे कॉम्प्युटरच्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर. ‘सीपीयू-झेड उघडून बघा. ३२००ची रॅम १६०० दाखवते. दुकानदाराने निम्म्या वेगाची माथी मारली.’ अहो, डीडीआर म्हणजेच डबल डेटा रेट. घड्याळाचा ठोका १६०० मेगाहर्ट्झ, आणि प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून ३२००. आमच्या सोलापूरच्या नव्या पेठेतला दुकानदार फुकट शिव्या खातोय. चूक असेल तर खोक्यावर ‘३२०० मेगाहर्ट्झ’ छापणाऱ्यांची आहे. मात्र ३२००च्या रॅमवर १०६६, १२०० किंवा १३३३ दिसत असेल तर ती खरंच मंद चालली आहे. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा (एएमडीच्या बोर्डावर डीओसीपी किंवा एक्सपो असंही नाव असतं). एच६१०सारख्या स्वस्त चिपसेटवर प्रोसेसरच्या अधिकृत वेगापुढे रॅम पळत नाही, तिथे ३६००साठी जादा पैसे मोजू नका.

पाचवा: ‘चारही स्लॉट भरलेच पाहिजेत.’ नाही. दोन पट्ट्या पुरतात, आणि त्याच बऱ्या. रायझन ७०००साठी एएमडीच्याच तक्त्यात दोन पट्ट्यांना डीडीआर५-५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० दिलंय. एक पट्टी मात्र कमी पडते. भाच्याच्या ५६००जीमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच आहे, ते रॅमवरच जगतं. ८ जीबीच्या एका पट्टीवर ते अर्धपोटी राहतं, तशीच दुसरी लावली की गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. त्यामुळे त्याला घ्यायचंय ते एवढंच: डीडीआर४-३२००ची ८ जीबीची आणखी एक पट्टी, जमलं तर त्याच कंपनीची, त्याच सीएल आकड्याची (रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते तो आकडा). चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा.

सहावा: ‘सोलापूरच्या उन्हात हीटसिंक नसलेली रॅम जळते.’ मे महिन्यात इथला पारा ४३च्या पुढे जातो, हे काय मेसेजने सांगायला हवं? पण पुन्हा जेडेकचंच मानक बघा: डीडीआर४ची चिप ८५ अंशांपर्यंत नेहमीसारखी चालते, रिफ्रेश, म्हणजे साठवलेला डेटा पुन्हा ताजा करणं, दुप्पट केलं तर ९५पर्यंत. साध्या वेगाची रॅम पंखा चालू असलेल्या कॅबिनेटमध्ये त्याच्या जवळही जात नाही. इथला खरा त्रास धुळीचा आहे. पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर राहणं अशी जी घरं आहेत, तिथल्या कॅबिनेटमध्ये सुताचा भुगा रॅमच्या स्लॉटमध्ये नमदा होऊन बसतो, आणि मग ‘डिस्प्ले येत नाही’. याच मुद्द्यात मेसेजने खोडरबराने पिना घासायला सांगितलंय, आणि ते नाइलाजाने निम्मं मान्य करावं लागतं. डाग धरलेल्या पिनांवर मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवलं तर रॅम चालू होते. पण रबराचे कण ब्रशने झाडा आणि शक्यतो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. वाळू असलेलं निळं खोडरबर नको, सोन्याचा मुलामा खरवडतो. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. ब्लोअर वापरा.

सातव्यात दोन गोष्टी एकत्र कोंबल्यात: ‘बिल नको म्हणा, जीएसटी वाचेल. आणि रॅम बदलल्यावर एका मिनिटात डिस्प्ले आला नाही तर रॅम खराब, काढून दुकानदाराच्या तोंडावर फेका.’ डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना प्रोसेसर आणि रॅम एकमेकांचा अंदाज घेतात, त्याला ट्रेनिंग म्हणतात. एएम५च्या बोर्डावर त्याला काही मिनिटं लागू शकतात, पडदा तोवर काळाच, मध्येच एकदा आपोआप रीस्टार्टही होतं. याच वेळी घाबरून बटण दाबून बंद केलं की सगळं पहिल्यापासून. दहा मिनिटं हात लावू नका. नंतरही काळंच असेल, तर भिंतीवरचं बटण बंद करा, पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून उरलेला करंट काढा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा आणि मग रॅम काढून पुन्हा बसवा. खाच जुळवून, दोन्ही टोकं समान दाबून, क्लिपचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत. काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असते, तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं, तेवढं बोटाने चाचपून बघा. मग एकच पट्टी लावून पाहा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. बोर्डाची बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत लावा. एवढं करूनही डिस्प्ले नाही, तर रॅम आणि बिल घेऊन दुकानात जा. बिल घेतलं असेल तर.