टॉर्नेडो आणि पुलाखालचा तो मेसेज

परवा रात्री ताईचा फोन आला. "सईला सांगून ठेवलंय गं, वादळ आलंच तर गाडी पुलाखाली घे म्हणून." सई माझी भाची, ओक्लाहोमात शिकते. ताईच्या भिशीच्या ग्रुपवर 'अमेरिकेत मुलं असलेल्या पालकांसाठी' असा मेसेज आला आणि तिने तो तसाच लेकीला पाठवला. कालपासून तो मला आणखी दोन ग्रुपवर दिसला. मी स्वतः पाच वर्षं ओक्लाहोमातल्याच नॉर्मनला राहिले आहे. हे वाचून गप्प बसवत नाही.

मेसेजात काय आहे? 'चक्रीवादळ' दिसलं तर गाडी पुलाखाली लावा. घरात असाल तर खिडक्या उघडा. शहरात भीती नसते. वादळाचा पाठलाग करणारे लाइव्ह दाखवतात, ते बघत गाडीने निसटा. आणि हवामान खात्याचे इशारे बहुतेक खोटेच असतात.

मुळात शब्दच चुकलाय. चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, ते दोन-चार दिवस आधी कळतं. टॉर्नेडो गडगडाटी ढगातून जमिनीवर उतरतो आणि हाताशी मिनिटंच असतात.

आता पूल. पावसात गाडी उड्डाणपुलाखाली लावून आपण सगळेच थांबलोय, म्हणून हा सल्ला लगेच पटतो. त्यात भर म्हणून १९९१चा कॅन्ससमधला एक व्हिडिओ आहे: टीव्हीची माणसं पुलाखाली कठड्याशी दबकून बसतात आणि वाचतात. पण तो टॉर्नेडो तिथे कमजोर होता, थेट त्यांच्यावरून गेलाही नाही. ३ मे १९९९ला ओक्लाहोमात काय झालं ते मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नाही. मूर शहरावर आलेल्या टॉर्नेडोत ट्रकवर बसवलेल्या रडारने ताशी सुमारे ४८० किलोमीटर वारा मोजला. त्या दिवशी टॉर्नेडोच्या वाटेतल्या तीन वेगवेगळ्या पुलांखाली लोक थांबले होते. तिन्ही ठिकाणी एकेक माणूस गेला. त्यातला एक पूल तर आडरानात होता आणि तिथला टॉर्नेडो बराच कमी ताकदीचा होता. नॉर्मनच्या हवामान कार्यालयाने नंतर यावर सविस्तर मांडणी केली, ती मी तिथे असताना वाचली होती. जमिनीलगत वारा अडतो, पुलाखालच्या उतारावरून जितकं वर चढाल तितका तो वाढतो. आणि लोक नेमके वर, तुळयांखाली जाऊन बसतात. त्या फटीतून वारा आणखी जोर धरतो आणि पत्रे, फळ्या, काचा घेऊन येतो. शिवाय चार गाड्या पुलाखाली थांबल्या की मागचा रस्ता बंद. मागच्यांना पळायलाही जागा उरत नाही. असा सल्ला आपण आपल्या मुलांना देतोय!

खिडक्यांचं ऐका. बाहेर हवेचा दाब घटला की बंद घर फुटतं, अशी समजूत आहे. दाब कमी होतो हे खरं; टॉर्नेडोचे अभ्यासक टिम समारास यांच्या यंत्राने २००३मध्ये साउथ डकोटात १०० मिलिबारची घट नोंदवली होती. पण घरं काही हवाबंद डबे नसतात. घर पाडतो तो वारा. खिडकी उघडायला गेलात तर त्याला आत घेता आणि स्वतः काचेसमोर उभे राहता.

शहरात येत नाही? मूर हे शहरच आहे. २०१३मध्ये तिथे पुन्हा २४ माणसं गेली, त्यात शाळेतली सात मुलं. २०११ला मिझुरीतल्या जॉप्लिन शहरात दीडशेच्या वर.

आणि पाठलाग. हेच टिम समारास आयुष्यभर टॉर्नेडो अभ्यासलेले. ३१ मे २०१३ला ओक्लाहोमातल्या एल रिनोजवळ ते, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग पाठलाग करतानाच टॉर्नेडोत सापडून गेले. तो टॉर्नेडो बघता बघता ४.२ किलोमीटर रुंद झाला आणि वळला. त्याच संध्याकाळी ओक्लाहोमा सिटीभोवती पळणाऱ्यांच्या गाड्यांनी हायवे तुंबले होते. समारास यांच्यासारख्यांचा अंदाज चुकला, तिथे फोनवर लाइव्ह बघणारी सई कशी निसटणार? पाठलाग करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. १९७३ला ओक्लाहोमातल्या युनियन सिटीत त्यांनी समोरून टिपलेला टॉर्नेडो आणि रडारवर दिसलेलं जुळवूनच आजचे इशारे घडले. पण त्यांचं काम वेगळं आहे.

इशारे खोटे ठरतात, हे मात्र मान्य करावं लागेल. दहांतल्या सातेक इशाऱ्यांनंतर टॉर्नेडो होत नाही. मीही कितीदा मध्यरात्री उशी घेऊन बाथटबमध्ये बसले आणि काहीच झालं नाही. तरीही बसायचं, कारण इशारा आणि टॉर्नेडो यांच्यात दहा-बारा मिनिटंच असतात. टॉर्नेडोंचा मोठा धोका असलेल्या दिवसाचा अंदाज तर नॉर्मनचं वादळ-अंदाज केंद्र कित्येकदा तीन-चार दिवस आधी देतं: मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा, पश्चिमेची कोरडी हवा, वरचा जोराचा वारा हे सगळं एकत्र येणार असं दिसलं की.

सईशी रात्रीच बोलले. तिची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे; खाली राहणाऱ्या मैत्रिणीच्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये जायचं ठरलंय. सायकलचं हेल्मेट आणि बूट दाराशी ठेवलेत. भिशीच्या ग्रुपवर टाकायला दुरुस्ती ताईला लिहून दिलीय. तिने ती आजच टाकावी.