बोटुकली सोडली म्हणजे झालं?

हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा आला, तेव्हा गप्प बसले. काल मामांनीच घरच्या ग्रुपवर टाकला, वर "अगदी बरोबर" लिहून. आता राहवत नाही. मेसेज म्हणतो, धरणाने निसर्गाचं काही बिघडत नाही. उजनीत फ्लेमिंगो आले, मासळीही भरपूर. कमी पडलं तर मत्स्यबीज, म्हणजे बोटाएवढी पिल्लं (बोटुकली) सोडायची, नाहीतर माशांना धरण ओलांडून वर जाता यावं म्हणून पायऱ्यापायऱ्यांची शिडी बांधायची. मग मासे आणि वन्यजीवांसाठी वेगळा आराखडा कशाला, पैशांची नुसती नासाडी!

फ्लेमिंगो येतात, मान्य. नाशिककडचं नांदूर मध्यमेश्वरही बंधाऱ्यामुळेच पक्ष्यांचं झालं आणि 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं. पण फ्लेमिंगो चरतात उथळ पाण्यात, चिखलात. धरण तुडुंब असलं की त्यांना पाय टेकायला जागा नसते. म्हणजे पाणी कधी, किती उतरवायचं, हे ठरवावंच लागतं. त्यालाच आराखडा म्हणतात, मामा.

आणि "मासळी भरपूर" म्हणजे कुठली? उजनीकाठच्या भिगवणच्या बाजारात पाटीत हात घालून बघा. बोटाला काटा टोचला की समजायचं, चिलापी. मूळची आफ्रिकेतली.

खरा संताप मत्स्यबीजाच्या मुद्द्याचा. बोटुकलीचे डबे पाण्यात ओतायचे, फोटो काढायचा, झालं संवर्धन! कावेरीत काय झालं ते वाचा. महाशीर हा नदीतला मोठा मासा, आणि तिथली त्याची वशिंडवाली जात जगात फक्त त्याच खोऱ्यात. महाशीर कमी होतोय म्हणून 1970च्या दशकापासून तिथे पिल्लं सोडली गेली, पण ती आपल्या लोणावळ्यात वाढवलेली, निळसर पराच्या दुसऱ्याच जातीची. पिंडर नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये गळाने मासे धरून परत सोडणाऱ्या हौशी लोकांच्या 1998 ते 2012 च्या नोंदी तपासल्या. निळ्या पराचे वाढत गेलेले, वशिंडवाले जवळजवळ दिसेनासे. 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी, धरणं हीही कारणं आहेतच. पण नदीत "मासे वाढले" असं म्हणत असतानाच तिचा स्वतःचा मासा संपत होता. कुठल्या नदीत कुठली जात, अंडी कुठे घालते, हे आधी न बघता बीज सोडलं की असं होतं.

शिडीचं थोडक्यात. बंगालात गंगेवर फरक्क्याला बराज, म्हणजे दरवाजांचा मोठा बंधारा बांधला, तेव्हा माशांना जायला दारं ठेवली होती. तरी 1975 मध्ये तो सुरू झाल्यावर, अंडी घालायला समुद्रातून पार अलाहाबादपर्यंत चढणारा हिल्सा मासा वरच्या गंगेतून जवळजवळ गेलाच.

तेवढं लांब तरी कशाला जायचं? मामा, पहिल्या पावसाच्या लोंढ्याला वलगणीचे मासे ओढ्याने वर चढायचे आणि तुम्ही कंदील घेऊन रात्रभर भिजत उभे राहायचा, हे आम्हाला तुम्हीच सांगितलंय. खाली बंधारा झाला त्या वर्षापासून वलगण आली नाही, हेही तुम्हीच सांगितलंय. तेव्हा त्या "अगदी बरोबर"चं काय करायचं, ते तुम्हीच बघा.